रिकामी जागा

मुंबईच्या उपनगरांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांस 'जागा' या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. राहावयास जागा, गाडीत टेकावयास जागा, मुलांस कॉलेजात जागा आणि अखेरीस नोकरीत जागा, अशा चार जागांच्या शोधात येथील मध्यम स्थितीतल्या माणसाचा जन्म सरतो. यांपैकी गाडीतल्या जागेपुरता तरी लोकांनी एक सभ्य रिवाज पाडून ठेविला आहे. उभा असलेला उतारू बसलेल्यास विचारतो, "कुठे उतरणार?" तो सांगतो, "घाटकोपर." एवढ्या बोलण्यावर करार होतो. घाटकोपर आले म्हणजे तो उठतो आणि हा बसतो. त्यात कोणाचे काही जात नाही आणि कोणी काही हिरावून घेत नाही; ज्याचे स्टेशन आले तो उतरला, इतकेच. कॉलेजातील जागेचा प्रकार मात्र निराळा आहे. तेथील जागा कशी रिकामी होते हा विचार या पावसाळ्यात आमच्या घरी एका अक्षराच्या निमित्ताने आला, आणि तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहोत.

आमचे बिऱ्हाड मुलुंड पूर्वेस आहे. जुनी इमारत पाडून नवी झाली तेव्हा आम्ही दोघा भावांनी शेजारशेजारचे ब्लॉक घेतले, मधून दार पाडले आणि स्वयंपाकघर एकच ठेविले. मातोश्रींचे वय ८४. आम्ही उभयता, आमचे चिरंजीव व सूनबाई, धाकटे बंधू, त्यांची पत्नी आणि त्यांची एकुलती एक कन्या, असे आठ जणांचे हे कुटुंब. अडीच वर्षांपूर्वी बंधूंस पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाचा गेली. समोरच्याचे बोलणे त्यांस कळते, वर्तमानपत्रातला मथळा कळतो, परंतु मनातला शब्द ओठांवर येत नाही. ज्या गृहस्थाने पंचवीस वर्षे शाळेत मराठी शिकविले, त्यास 'पाणी' म्हणता येऊ नये आणि त्याने भांड्याकडे बोट दाखवावे, हे पाहणाऱ्यासच कठीण जाते. वाचोपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले की, यास औषधापेक्षा सराव अधिक लागेल. थोडा थोडा, पण रोज.

तो सराव आमच्या पुतणीने आपल्याकडे घेतला. ती त्या वेळी बारावीत होती. संध्याकाळी एक तास ती वडिलांसमोर बसे. आधी वार म्हणावयाचे, मग महिने, मग बेचा पाढा. या रोगाचे एक नवल असे की, लहानपणी घोकलेले बहुधा शाबूत राहते. बंधू बेचा पाढा न अडखळता म्हणत, पण 'चहा' हा शब्द त्यांस येत नसे. पाढ्यावरून वस्तूंच्या नावांवर, नावांवरून लहान वाक्यांवर, असे ती त्यांस हळूहळू नेत होती. दिवाळीत त्यांनी मातोश्रींस "आई, बस" असे म्हटले, तेव्हा त्या बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

गेल्या वर्षी पुतणीस अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला तो पनवेलच्याही पलीकडील एका कॉलेजात. सामाईक प्रवेश परीक्षेतील तिच्या क्रमांकास जे मिळावयाचे ते मिळाले. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु पहाटे पाऊणेसहास घर सोडावयाचे, मुलुंडहून ठाणे, ठाण्याहून पनवेलची गाडी, तेथून कॉलेजची बस. आणि परत यावयास साडेसात, कधी आठ. आल्यावर पोरीचे डोळे मिटत. बंधूंचा तासाचा सराव पंधरा मिनिटांवर आला, मग रविवारवर आला. फाल्गुनापर्यंत त्यांची वाक्ये पुन्हा शब्दांवर आली होती.

म्हणून दुसऱ्या वर्षास कॉलेज बदलावे असे ठरले. मुंबई विद्यापीठाच्या कक्षेतील अभियांत्रिकी कॉलेजांत पहिल्या वर्षाचा निकाल लागल्यावर दुसऱ्या वर्षाच्या ज्या जागा मोकळ्या राहतात त्यांवर असे बदल होतात. अभ्यासक्रम जुळावा लागतो, दोन्ही कॉलेजांची ना-हरकत पत्रे लागतात आणि अर्ज जागांहून अधिक आले म्हणजे पहिल्या वर्षाच्या गुणांवर यादी लागते. आम्ही अंधेरीच्या एका कॉलेजाकडे डोळे लावून होतो. मुलुंडहून अंधेरी म्हणजे पूर्वी दादरचा वळसा किंवा पवईच्या रस्त्याने बसमधली दीड-दोन तासांची तपश्चर्या. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो सुरू झाली, आणि मध्य रेल्वेच्या मुलांस पश्चिमेची कॉलेजे हाताशी आली. बारा स्थानकांची ती सुमारे साडेअकरा किलोमीटरांची वाट. तिने उपनगरांतील किती घरांचे वेळापत्रक बदलले असेल याचा हिशेब कोणी मांडला नसेल. आमच्या पुतणीने मात्र आपला मांडला होता: दाराबाहेर पाऊल टाकल्यापासून वर्गात बसेपर्यंत सव्वा तास, म्हणजे संध्याकाळी पाच वाजता घरी.

येथे थोडा जुना काळ आठवतो. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथील मुलांस एके काळी कॉलेजासाठी शहराची वाट धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९३७ साली माटुंग्यास रुइया कॉलेज निघाले, १९४६ साली अंधेरीस भवन्स कॉलेज निघाले, १९५९ साली पार्ल्यास कॉलेज झाले, आणि आमच्या मुलुंडास वझे कॉलेज येण्यास १९८४ साल उजाडावे लागले. कॉलेज घराकडे चालत आले, तेव्हा प्रवास कमी व्हावयास हवा होता. तो झाला नाही. कारण मुले वाढली, शाखा वाढल्या, आणि घराजवळच्या कॉलेजात घराजवळचाच मुलगा बसेल असे यादी पाहत नाही. ती गुण पाहते.

आणि गुणांतच माशी शिंकली. दुसऱ्या सत्राच्या परीक्षेत मेकॅनिक्सच्या पेपराच्या आदल्या रात्री बंधूंस आकडी आली. पक्षाघातानंतर असे होऊ शकते हे ऐकून होतो, पाहिले नव्हते. रात्री अकरापासून साडेतीनपर्यंत पुतणी आणि तिची आई इस्पितळात होत्या. संकट टळले. पहाटे पुतणी घरी आली, तोंडावर पाणी मारले, आणि नेहमीच्या गाडीने पेपरास गेली. जुलैत निकाल लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली सुचविलेल्या दहा गुणांच्या पद्धतीत 'ओ' म्हणजे दहा, 'ए प्लस' म्हणजे नऊ, 'ए' म्हणजे आठ, असे उतरत उतरत 'पी' म्हणजे चार, आणि त्याखाली नापासाचा 'एफ', म्हणजे शून्य. तिच्या निकालपत्रात बहुतेक ठिकाणी आठ आणि नऊ, आणि एका ओळीत 'पी'. उंबरठ्यावर पाय अडखळावा पण माणूस घरात यावा, तशी ती उत्तीर्ण झाली.

त्या संध्याकाळी कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे हिशेब सुरू झाला. वर्षाचे श्रेयांक चाळीस. मेकॅनिक्सचे चार. आठ गुण मिळावयाचे तेथे चार मिळाले, म्हणजे चार चोक सोळा गेले. सोळास चाळिसांनी भागिले, म्हणजे वर्षाच्या सरासरीत शून्य दशांश चारची घट. चिरंजीव म्हणाले, "एवढेच ना?" पुतणी म्हणाली, "दादा, यादी दुसऱ्या दशांशावर अडते." यावर कोणी बोलले नाही.

पुढल्या पंधरा दिवसांत आमच्या घरी चिंतेचे जे प्रकार पाहावयास मिळाले त्यांवर एक स्वतंत्र प्रबंध लिहिता येईल. धाकट्या वहिनी बँकेतून येताच पिशवी न ठेवता विचारीत, "काही कळलं?" सूनबाई फोनवर त्या कॉलेजाचे पान दर तासाने उघडून पाहत. आमची सौ. देवापुढे दोन वाती अधिक लावी. आम्ही स्वतः गेल्या तीन वर्षांच्या याद्या मिळवून शेवटच्या क्रमांकाचे गुण एका वहीत उतरून काढिले, जणू काय मागील तीन वर्षांचा पाऊस पाहून यंदाचा सांगता येतो! बंधू सर्वांकडे पाहत बसत. त्यांस सारे कळत होते, आणि विचारता काहीच येत नव्हते.

भेटावयास येणाऱ्या मंडळींनी समाधान करण्यात कसूर केली नाही. मुंबईत एटीकेटी हा शब्द पडसे-खोकल्यासारखा घरोघरी झाला आहे. पूर्वीच्या लोकांस सांगावयाचे तर, एखाददुसऱ्या विषयात नापास असूनही पुढल्या वर्गात बसण्याची मुभा. एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे तिघांच्या मिळून नऊ केट्या आहेत, तुमची तर पास झाली!" दुसऱ्यांनी रामानुजनांचा दाखला दिला. तो खोटा नाही. १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात गेलेल्या त्या थोर गणितज्ञाने इतर विषयांकडे पाठ फिरविली, शिष्यवृत्ती गमाविली, आणि पुढे मद्रासेसही त्यास एफ. ए. ची परीक्षा उतरता आली नाही. परंतु या दाखल्याने धीर कोणास येतो? आमची पुतणी रामानुजन नव्हे, आणि तिला धीर मिळण्यासाठी तिने रामानुजन असले पाहिजे अशी अट असू नये. सामान्य हुशारीच्या, कष्टाळू मुलीस संध्याकाळी पाच वाजता घरी यावयाचे आहे, एवढाच येथे प्रश्न होता.

उपाय म्हणून उत्तरपत्रिकेची प्रत मागविली. आजच्या मुलांस ही सोय स्वाभाविक वाटते, पण तिच्यामागे बराच झगडा आहे. १९८४ साली आपल्याच राज्याच्या शिक्षण मंडळाच्या एका खटल्यात, नियमांनी नाकारलेली उत्तरपत्रिकेची पाहणी किंवा फेरतपासणी विद्यार्थ्यास हक्क म्हणून मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले होते. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, ऑगस्ट २०११ मध्ये, त्याच न्यायालयाने माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला. त्या हक्काच्या काळात वाढलेल्या आमच्या पुतणीने प्रत मेजावर पसरली आणि एकेक पान उलटले. तपासनिसाने कोठेही अन्याय केला नव्हता. तिसऱ्या प्रश्नात आकृती काढिली होती, बाणही दाखविले होते, आणि पुढले दीड पान कोरे होते. तिने त्यावर बोट ठेवून शांतपणे सांगितले, "मोठे काका, इथे मला झोप लागली होती." प्रत मिटली. फेरतपासणीचा अर्ज करावयाचा नाही असे तिनेच ठरविले.

गुणपत्रिका खरी होती. तिने जे मोजले ते बरोबर मोजले. तिच्यात इस्पितळाच्या बाकाचा रकाना नव्हता, एवढेच. आणि तो असावा तरी कसा?

याच दिवसांत एके रात्री जेवणे आटोपल्यावर पुन्हा जागांचा हिशेब निघाला. कोणी म्हणे पाच जागा सुटतील, कोणी म्हणे तीन. मातोश्री वाती वळीत ऐकत होत्या. त्यांनी विचारिले, "पण त्या जागा मोकळ्या होतात कशा?"

चिरंजीवांनी समजाविले: कोणी परराज्यांत जातो, कोणी पुन्हा परीक्षा देऊन दुसरी शाखा घेतो, आणि काही मुले इतक्या विषयांत राहतात की त्यांस दुसऱ्या वर्षास बसता येत नाही; त्यांचे वर्ष जाते.

"म्हणजे कुणाचं तरी पोर मागे राहिलं, तर आपलीला जागा?"

"सगळेच तसे नसतात, आजी. काही स्वखुशीने जातात."

"जे स्वखुशीने जातात त्यांचं बरं आहे. मी दुसऱ्यांचं विचारते. त्यांच्यासाठी तुम्ही दोन वाती लावता का?"

मातोश्रींच्या बोलण्यात आरोप नव्हता. त्यांस खरोखरच हिशेब समजून घ्यावयाचा होता. पण समई समोर होती, वाती त्यांच्याच हातच्या होत्या, आणि त्या प्रश्नास उत्तर देण्यासारखे आमच्यापैकी कोणापाशी काही नव्हते.

वाचकांनीही याचा विचार करावा. आपण एखादी जागा मागतो तेव्हा ती शून्यातून येत नाही. अंधेरीच्या त्या वर्गात जो बाक मोकळा होणार, त्यावर गेल्या वर्षी कोणीतरी बसत होते. त्याच्याही प्रवेशाच्या दिवशी कोठेतरी पेढे वाटले गेले असतील. त्याचे वर्ष का गेले? आळसाने गेले असेल, वाईट संगतीने गेले असेल; असे मानणे आपल्यास सोयीचे असते. परंतु आमच्या घरातील 'पी' हे अक्षर कसे आले हे आम्हांस ठाऊक आहे. मग त्या घरातील 'एफ' कसा आला असेल, हे न पाहता आम्ही कसे सांगावे? कदाचित तेथेही एखादी रात्र असेल. फरक इतकाच की, आमची रात्र एका पेपराआधी आली आणि साडेतीनला संपली. त्यांची कदाचित संपली नसेल.

गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या शिक्षणाची हकीकत या संदर्भात आठवते. त्यांनीही कॉलेजे बदलली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आरंभ केला, काही काळ पुण्यास डेक्कन कॉलेजात काढिला, आणि अखेर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली ते पदवीधर झाले. पदवीधरांच्या यादीत नाव एकट्या गोपाळरावांचे आहे. १८७९ साली वडील वारल्यावर ज्या थोरल्या बंधूंनी, गोविंदरावांनी, स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरिली आणि तुटपुंज्या पगारातून धाकट्यास पैसे पाठविले, त्यांचे नाव कोणत्याही विद्यापीठाच्या यादीत नाही. गोपाळराव ज्या जागेवर बसले, ती रिकामी ठेवून कोणी उठले होते असे म्हटले तर ते त्यांचे बंधूच होत. ते मात्र आपल्या खुशीने आणि भावासाठी उठले. असे उठणारे घरोघर असतात, आणि असे नाइलाजाने उठविले जाणारेही असतात. यादी दोघांतला भेद जाणत नाही.

म्हणून यादीच नको असे आमचे म्हणणे नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले तेव्हा यादीत चार नावे होती: रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. चार नावांच्या मागची चार घरे शिकविणाऱ्यास ठाऊक असू शकत. आज यादीत नावाआधी अर्जाचा क्रमांक येतो, आणि उत्तरपत्रिका लाखांनी मोजाव्या लागतात. २०१७ साली विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासावयास घेतल्या, निकाल महिनोन्महिने रखडले, पुढील प्रवेशाच्या मुदती टळू लागल्या, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात कुलगुरूंस पद सोडावे लागले. इतक्या मोठ्या गाड्यास प्रत्येक घराच्या दारी थांबता येणार नाही. आणि थांबू लागला तर? तर ज्याची ओळख मोठी त्याच्या दारी तो अधिक वेळ थांबेल. गुणांची यादी आंधळी आहे खरी. परंतु शिफारशीची यादी डोळस असते आणि तिचे डोळे विकत घेता येतात. आंधळी परवडली.

ही गोष्ट आम्हांस पुतणीने शिकविली. एका स्नेह्यांनी सुचविले होते की, अर्जासोबत बंधूंच्या आजाराचे कागद जोडावेत, वर एक पत्र लिहावे. आपली बाजू कळवावयास काय हरकत आहे? पत्र लिहिण्याचे काम अर्थातच आमच्याकडे येणार होते. पुतणी म्हणाली, "नको, मोठे काका. अर्जात तसा रकाना असता तर भरला असता. नाही, तर नको. माझ्या पुढे जो असेल त्याच्याही घरी कुणी आजारी असेल, आणि त्याला पत्र लिहून देणारे मोठे काका नसतील." वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मुलीने असे बोलावे याचे कौतुक करावे, की तिच्यावर अशी वेळ यावी याचे वाईट वाटावे, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. पत्र लिहिले नाही.

त्यानंतर घरात दोन गोष्टी झाल्या, आणि दोन्ही मातोश्रींनी केल्या. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब राहते. त्यांच्या मुलाचे यंदा वर्ष गेले. तेव्हापासून त्या बाई जिन्यात भेटल्या तरी खाली मान घालून जात, आणि त्यांस अवघडू नये म्हणून आम्हीही बोलणे टाळीत असू. मातोश्री गुडघे धरून तिसरा मजला चढल्या. लिफ्ट असताना का चढलात, असे विचारता म्हणाल्या, "लिफ्टनं गेले तर चटकन पोचले असते, काय बोलायचं ते ठरलं नव्हतं." तेथे काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही. परंतु दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा दुपारी आमच्याकडे येऊन बसू लागला, आणि बंधूंबरोबर पत्ते खेळू लागला. पत्त्यांत 'राजा', 'राणी', 'गुलाम' हे शब्द फिरून फिरून येतात, आणि खेळण्याच्या भरात ते तोंडातून निघूनही जातात, हा शोध त्यास लागला. तो वाचोपचाराच्या बाईंसही पसंत पडला.

दुसरी गोष्ट अशी की, सरावाचा भार एका पोरीवर न ठेवता त्यांनी तो सर्वांस वाटून दिला. स्वयंपाकघराच्या दारावर आता एक कागद डकविला आहे. सकाळी सातला वार व महिने: आजी. अकरास भाज्यांची नावे: आमची सौ., भाजी निवडता निवडता. दुपारी तीनला पत्ते: तिसरा मजला. साडेपाचास वर्तमानपत्राचा मथळा: आम्ही. रात्री आठनंतर वाक्ये: पुतणी किंवा तिची आई, जी जागी असेल ती. रविवारी चिरंजीव व सूनबाई. जे काम प्रवेशावर टांगून ठेविले होते, त्यातले बरेचसे प्रवेशावाचूनही होण्यासारखे होते, हे त्या कागदावरून दिसते. सगळे मात्र नव्हे. लेकीने म्हणवून घेतलेला शब्द बंधूंच्या तोंडून जसा निघतो तसा आमच्या तासाला निघत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून जागा हवी आहे. आजही तितकीच हवी आहे.

काळजी करू नये असा उपदेश ज्यांच्या घरी काळजी नाही तेच करू शकतात. यादीकडे डोळे लावून बसलेल्या आईबापांस आम्ही तो करणार नाही. दुसऱ्या दशांशावर मुलाचा दिवस, आणि कधी घराचा दिवस, अवलंबून असतो हे खोटे नाही. आमचे मागणे इतकेच की, त्या आकड्याची सत्ता वर्गाच्या दारापर्यंत असावी. जिन्यात, जेवणाच्या पानावर आणि देवघरात ती चालू देऊ नये. आपल्या मुलाचे अक्षर कोणत्या रात्री पडले हे आपणांस ठाऊक असते. दुसऱ्याच्या मुलाचे अक्षर पाहताना, तेथेही एक रात्र असू शकेल, एवढी जागा मनात ठेवावी.

हा लेख लिहिते वेळी यादी लागलेली नाही. येत्या सोमवारी लागेल असे सांगतात. पनवेलच्या बसचे दुसऱ्या वर्षाचे पैसे भरण्याची मुदत बुधवारपर्यंत आहे. ते काढून ठेविले आहेत. मातोश्री रोज संध्याकाळी दिवा लावतात. जाता जाता आम्ही ऐकले, तेव्हा त्या म्हणत होत्या, "हिला मिळू दे, आणि जो उठेल त्याला त्याच्या जागी पोचव." साडेपाच वाजत आले आहेत. कागदावर या वेळेपुढे आमचे नाव आहे, आणि बंधू वर्तमानपत्र डाव्या हाताने उघडून वाट पाहत बसले आहेत.